वाहिले ते कोणाचे? : टिळक, लक्ष्मीबाई आणि समर्पणाची प्रार्थना

नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत १८९३ च्या सुमारास एका ब्राह्मण प्रवाशाची एका गोऱ्या गृहस्थाशी गाठ पडली. बोलणे संस्कृत काव्यावरून निघाले आणि धर्मावर येऊन ठेपले. निरोप घेताना त्या गृहस्थाने प्रवाशाच्या हाती नव्या कराराची प्रत ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. प्रवासी होते नारायण वामन टिळक. तो गृहस्थ म्हणजे अर्नेस्ट वॉर्ड नावाचा मिशनरी, असे चरित्रकार सांगतात. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि भाकीत खरे ठरले.

आपल्या गावाहून सुटलेल्या गाडीत मराठी ख्रिस्ती काव्याचे एक पर्व सुरू झाले, याचे आपणा नागपूरकरांना कौतुक वाटणे साहजिक आहे. त्याआधी टिळक इथेच अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला होते. संस्कृत ग्रंथांचे काम करीत होते, ‘ऋषी’ नावाचे मासिक चालवीत होते. त्यांचा संसारही इथे होता. गाडीतल्या त्या संभाषणाने ज्यांचे आयुष्य टिळकांइतकेच उलटेपालटे झाले, त्या लक्ष्मीबाईंचा मात्र त्या संभाषणात काडीइतकाही वाटा नव्हता. ही गोष्ट नवी नाही. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या प्रत्येकाला ती ठाऊक आहे. तरीही टिळकांच्या भक्तिकाव्याची चर्चा करताना आपण ती बाजूला ठेवतो. काव्य एका कप्प्यात, संसार दुसऱ्या. प्रस्तुत लेखात हे दोन कप्पे एकमेकांत उघडून पाहायचे आहेत. प्रश्न एवढाच आहे : ‘माझी इच्छा आणि माझे सर्वस्व, देवा, तुझे’ असे माणूस प्रार्थनेत म्हणतो, तेव्हा त्यातले ‘माझे’ खरोखर कितपत त्याचे असते?

१

समर्पणाची प्रार्थना ख्रिस्ती परंपरेत जुनी आहे आणि तिचे सहसा दोन भाग असतात. एक इच्छेचा, दुसरा मालमत्तेचा. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत देवाची इच्छा पूर्ण होवो, अशी मागणी आहे. सुळावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने स्वतः तेच मागितले. मालमत्तेच्या बाजूला श्रीमंत तरुणाची गोष्ट आहे. सगळे विकून गोरगरिबांना दे, असे ऐकल्यावर तो खिन्न होऊन निघून गेला. मंदिराच्या पेटीत आपल्याजवळची शेवटची दोन नाणी टाकणारी विधवाही आहे. सोळाव्या शतकात जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने हे दोन्ही धागे एका छोट्या प्रार्थनेत गुंफले. स्वातंत्र्य, स्मरण, बुद्धी, इच्छा आणि जवळ असेल नसेल ते सारे देवाला देऊन टाकायचे आणि बदल्यात फक्त त्याचे प्रेम आणि कृपा मागायची. याच संघाच्या फादर स्टीफन्सने १६१६ साली गोव्यात ‘क्रिस्तपुराण’ छापले, तेव्हा ख्रिस्ती भक्ती मराठी ओवीत उतरली.

मराठीला हा विचार परका नव्हता. नवविधा भक्तीची शेवटची पायरी आत्मनिवेदन. ‘दासबोधा’चा एक समास तिच्यावरच आहे. यज्ञात आहुती सोडताना ‘इदं न मम’ म्हणायचे, दान देताना वर तुळशीपत्र ठेवायचे. त्यातूनच ‘घरादारावर तुळशीपत्र ठेवले’ हा आपला रोजच्या बोलण्यातला वाक्प्रचार आला. टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा हा सगळा ऐवज त्यांच्या पदरात होता. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे प्रसिद्ध आहे. इंग्रजी भजनांच्या चालीवर बेतलेली मिशनची गाणी त्यांना परकी वाटली, यात नवल नाही. ‘अभंगांजली’त त्यांनी ख्रिस्ताला गुरू म्हणून हाक मारली, आई म्हणून मारली. धर्म बदलला तरी शरण जाण्याची भाषा बदलावी लागली नाही. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाला टिळकांचे हे सर्वांत मोठे देणे आहे, आणि त्याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही.

पण आत्मनिवेदनाच्या या भाषेत एक अडचण जुनीच आहे, आणि ती भाषेबरोबर टिळकांकडेही आली. समर्पणाच्या अभंगात सहसा दोनच जण असतात, मी आणि तू. ‘मी’ देतो, ‘तू’ घेतोस. ज्याच्यावर तुळशीपत्र ठेवले त्या घरात आणखी कोण राहत होते, याचा उल्लेख व्हायला तिथे जागाच नसते. तुकोबांच्या बाबतीत ती जागा लोकमानसाने भरून काढली : भंडाऱ्यावर भाकरी घेऊन जाणारी, तोंडाने विठ्ठलाला शिव्या घालणारी आवली उभी केली. परंतु आवलीने स्वतः लिहिले नाही. आपण तिला बहुधा तुकोबांच्या बाजूनेच पाहिले, थोडे हसून, थोडी कीव करून.

यावर कोणी म्हणेल की, भावकवितेकडून जमाखर्चाची अपेक्षा करणे अरसिकपणाचे आहे. आक्षेप रास्त आहे. मात्र टिळकांच्या बाबतीत तो पुरता लागू पडत नाही, कारण मागे राहणाऱ्यांकडे पाहण्याची दृष्टी त्यांच्याइतकी त्या काळच्या फार थोड्या कवींना होती. ‘केवढे हे क्रौर्य!’ आठवावी. बाण लागलेली पक्षीण मरणाच्या दारात आहे आणि तिचा जीव घरट्यातल्या पिलांत अडकला आहे. एकाला झालेली जखम किती जणांना होते, हे या कवीला कळत होते. मग समर्पणाच्या गाण्यात ती पिले कुठे गेली?

२

ती ‘स्मृतिचित्रे’त आहेत. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत निघालेल्या या पुस्तकाला आपण मराठीतले श्रेष्ठ आत्मचरित्र म्हणतो, त्यातल्या विनोदाची, सरळ भाषेची तारीफ करतो. ती योग्यच आहे. माझ्या मते या पुस्तकाचे आणखी एक काम आहे : अभंगात जो तिसरा माणूस दिसत नाही, त्याची बाजू ते मांडते.

लक्ष्मीबाई वाचकाला सांगतात ते एवढेच की, टिळकांच्या हाती पैसा ठरत नसे, ते न सांगता निघून जात, कोणी गरजू दिसला की घरातली वस्तू घरात राहत नसे. प्रसंग हसत हसत येतात, म्हणून वाचकही हसतो. पण प्रत्येक प्रसंगात दिलेली वस्तू एकट्या टिळकांची नसते. ती घरातल्या उद्याच्या जेवणाचीही असते. टिळक देऊन मोकळे होतात, आणि नाही म्हणायचे, जुळवायचे, उसने आणायचे काम लक्ष्मीबाईंकडे राहते. औदार्याचे पुण्य एकाच्या नावावर जमा होते आणि त्याचा खर्च दुसरीच्या.

येशूला ही अडचण माहीत होती. मार्काच्या शुभवर्तमानात ‘कुर्बान’ या यहुदी प्रथेवरून त्याने शास्त्रीपंडितांना धारेवर धरले आहे. एखादी मिळकत देवाला वाहिली असे जाहीर केले, की तिच्यातून आईबापांना पोसण्याची जबाबदारी संपली, अशी पळवाट त्या काळी काढली जात होती. देवाच्या नावाने माणसाचा हक्क बुडवता येत नाही, हे त्याचे म्हणणे. प्रेषितांच्या कृत्यांत हनन्या आणि सप्पीरा या जोडप्याची कथा आहे. जमीन विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवताना त्यांनी काही रक्कम लपवली. कथा कठोर आहे, परंतु तिच्यात एक बारकावा आहे. पेत्र नवऱ्याला वेगळे विचारतो आणि बायकोला वेगळे. नवऱ्याचे उत्तर तिचे उत्तर म्हणून धरले जात नाही. १८९५ साली टिळकांनी देवाला जे दिले, त्यात लक्ष्मीबाईंचा संसार, माहेरपण, समाजातले स्थान, सवाष्णीचा मान हे सगळे होते. ते त्यांनी दिले नव्हते, त्यांच्याकडून गेले होते. त्यांना वेगळे कोणी विचारले नव्हते.

टिळकांवर अन्याय होऊ नये म्हणून दोन गोष्टी नोंदवल्या पाहिजेत. त्यांनी बायकोवर धर्मांतराची सक्ती केली नाही. पाचेक वर्षे ताटातूट सोसली, आणि पुढे एकत्र आल्यावरही तिचे सोवळेओवळे, वेगळी चूल, वेगळे पाणी खपवून घेतले. दुसरे असे की, ‘स्मृतिचित्रे’ हे गाऱ्हाण्याचे पुस्तक नाही. इतके प्रेम, इतकी चेष्टामस्करी, इतकी भांडणे असलेला संसार मराठीत दुसरा सापडणे कठीण. म्हणूनच त्याची साक्ष विश्वसनीय वाटते. सूड म्हणून लिहिलेल्या आठवणींतला हिशेब कोणी खरा मानत नाही.

३

आता इच्छेचे समर्पण. लक्ष्मीबाईंची गोष्ट इथे टिळकांच्या गोष्टीपेक्षा वेगळी होते, आणि मला ती अधिक खोल वाटते.

पुस्तकाची सुरुवात त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याने होते. १८५७ च्या धामधुमीत सासऱ्यांना फाशी झाली, त्या धक्क्यानंतर वडिलांना शुद्धतेचे वेड लागले. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुतली जाई, मीठसाखरसुद्धा सुटत नसे. घरातल्या बायकापोरांनी ते हाल सोसले. अशा घरातून आलेली मुलगी मोठेपणी सोवळ्याचा तिटकारा करील असे वाटते. होते उलटेच. नवरा ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाईंनी सोवळे घट्ट धरले. याचे कारण कर्मठपणा एवढेच नसावे. घर गेले, नवरा गेला, नाव गेले, आणि ज्यावर आपली सत्ता चालेल असे एकच उरले : आपण कोणाच्या हातचे पाणी प्यायचे. ती त्यांची उरलेली एकुलती एक मालमत्ता होती. तीच त्यांची इच्छाही होती.

ती त्यांनी कोणाच्या सांगण्यावरून सोडली नाही. टिळकांच्या वादविवादाने नाही, मिशनऱ्यांच्या उपदेशाने नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, आपल्या घरगुती तर्काने तो सोडवला आणि माणसाने, असे उत्तर आल्यावर त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खायला-प्यायला मोकळ्या झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी स्वतःचा निर्णय, मग समर्पण.

गेथशेमानेची प्रार्थनाही अशीच आहे, हे आपण पुष्कळदा विसरतो. येशू थेट शरण जात नाही. हा प्याला माझ्यापुढून टळावा, अशी स्वतःची इच्छा तो आधी उघड सांगतो, आणि नंतर ती बापाच्या हवाली करतो. न बोललेली इच्छा देता येत नाही, दडपली तेवढी जाते. जिला स्वतःची इच्छा असण्याची मुभाच नाही, अशा बाईला समर्पण शिकवणे म्हणजे तिच्या नाइलाजाला भक्ती म्हणणे. लक्ष्मीबाई पाच वर्षे ‘नाही’ म्हणाल्या, म्हणून त्यांच्या ‘होय’ला वजन आले.

या पुस्तकाच्या इंग्रजी नावांकडे या दृष्टीने पाहावे. १९५० साली जोसेफीन इंकस्टर यांनी केलेल्या अनुवादाचे नाव ‘आय फॉलो आफ्टर’. ‘मी मागोमाग येते’ असा त्याचा अर्थ कोणीही घेईल, आणि पुढे चालणारा नवरा, मागे येणारी पतिव्रता असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहील. मुळात हे शब्द जुन्या इंग्रजी बायबलातल्या, पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रातले आहेत. तिथे पौल कोणा माणसाच्या मागून जात नाही. अजून हाती न लागलेल्या ध्येयाच्या मागे तो स्वतः धावत आहे. हा दुसरा अर्थ घेतला तर नाव चपखल बसते. २०१७ साली शांता गोखले यांनी संपूर्ण पुस्तकाचा अनुवाद केला, तेव्हा उपशीर्षकात लक्ष्मीबाईंना तेजस्वी, बाणेदार पत्नी म्हटले. मागून येणारी ते बाणेदार, हा पल्ला गाठायला साठपेक्षा जास्त वर्षे लागली. पत्नी हा शब्द मात्र अजून सुटलेला नाही.

४

समर्पण कोणाला, हाही एक प्रश्न आहे. देवाला वाहिलेली इच्छा पृथ्वीवर कोणाच्या तरी ताब्यात जाते : मठाच्या, चर्चच्या, मिशनच्या. पंडिता रमाबाईंनी हे फार लवकर ओळखले. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्या भगिनीसंघाने त्यांना आधार दिला, त्याची अपेक्षा होती की, त्यांनी चर्चच्या अधिकाऱ्यांचे म्हणणे मुकाट मानावे. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात हा झगडा पानोपानी दिसतो. मी देवाला शरण गेले आहे, म्हणूनच माझी सदसद्विवेकबुद्धी कोणा माणसाच्या हवाली करणार नाही, हा रमाबाईंच्या म्हणण्याचा इत्यर्थ. समर्पणातून त्यांनी आज्ञाभंगाचे बळ मिळवले. पुढे केडगावचे मुक्तिसदन त्याच बळावर उभे राहिले.

टिळक याच ठिकाणी उशिरा पोचले. मिशनचे काम, १९०४ साली पाळकाची दीक्षा, १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन, अशी त्यांची वर्षे गेली. पगार मिशनचा होता. आपण ख्रिस्ताचे चाकर की अमेरिकन मराठी मिशनचे, ही टोचणी त्यांना सुटली नसावी. १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी ती चाकरी सोडली, साताऱ्यात बिऱ्हाड केले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सगळे ख्रिस्तभक्त या दरबारात येऊ शकत होते. मिशनच्या चौकटीत न मावणारी ही कल्पना होती. धर्मांतरापेक्षाही हे त्यांचे मोठे समर्पण होते, असे मला वाटते, कारण यावेळी त्यांनी सुरक्षितता सोडली आणि बदल्यात कोणाचा आश्रय धरला नाही.

आणि इथेही तिसऱ्या माणसाचा प्रश्न आहेच. पगार सोडणारा एक आणि त्या पगारात घर चालवणारी दुसरी. पण १८९५ आणि १९१७ यांत फरक पडला होता. पहिल्या वेळी लक्ष्मीबाई टिळकांच्या देवाबाहेर उभ्या होत्या. दुसऱ्या वेळी तो देव त्यांचाही होता. दुष्काळातली अनाथ मुले त्यांनी पदराखाली घेतली होती, प्लेगमध्ये माणसांची सेवा केली होती, बालकवींसारख्या हळव्या पोराला घरचे केले होते. देणे हे आता टिळकांचे एकट्याचे वेड राहिले नव्हते.

५

इथे आपल्या शेजारच्या वर्ध्याशी जोडल्या गेलेल्या एका जोडप्याची आठवण येते. १९०१ साली दक्षिण आफ्रिका सोडताना लोकांनी गांधींना मौल्यवान भेटी दिल्या. त्या सार्वजनिक कामासाठी विश्वस्तांकडे सोपवायच्या, असे त्यांनी ठरवले. त्यात कस्तुरबांना मिळालेला सोन्याचा हार होता. कस्तुरबांनी विरोध केला. हार तुमच्या सेवेबद्दल की माझ्या, या वादात त्यांनी घरात आपण उपसलेल्या कष्टांची आठवण करून दिली. शेवटी हार गेला. गांधींनी हा प्रसंग आत्मकथेत प्रामाणिकपणे लिहिला, कस्तुरबांचा युक्तिवादही लपवला नाही. तरी तो लिहिला त्यांनी. निकाल त्यांच्याच लेखणीचा. ‘स्मृतिचित्रे’चे वेगळेपण इथे लक्षात येते. ज्याने वाहिले त्याचा वृत्तांत आपल्याकडे पुष्कळ आहे. जिच्या डोळ्यांदेखत वाहिले गेले, तिने लिहिलेला वृत्तांत फार थोडा.

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत गेले. लक्ष्मीबाईंनी पन्नाशी ओलांडली होती. मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची देखरेख, नंतर मुलगा देवदत्त याच्याबरोबर कराची, असे पुढचे आयुष्य गेले. टिळकांनी मागे ठेवलेल्या मिळकतीत एक अपुरे काव्य होते, ‘ख्रिस्तायन’. सुरुवातीचे अध्याय लिहून ते थांबले होते. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरे गिरवायला शिकलेल्या या बाईने उरलेले लिहायला घेतले आणि ग्रंथाचा बहुतांश भाग तिच्या हातून झाला. १९३६ साली त्यांचे निधन झाले. ग्रंथ छापून आलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

काव्य म्हणून ‘ख्रिस्तायन’ ‘स्मृतिचित्रे’च्या जवळपास येत नाही. ओवी पुष्कळदा ठरलेल्या वाटेने जाते, आणि आज तिचे वाचकही थोडे आहेत. प्रार्थना म्हणून दोन्ही एकत्र वाचावीत. एकात आपण काय काय गमावले, आणि ते कोणी कोणाला दिले, हे कसलीही भीडभाड न ठेवता सांगितले आहे. दुसऱ्यात वर्षानुवर्षे बसून, स्वतःच्या हाताने, कोणाच्याही आज्ञेशिवाय दिले आहे. पहिले लिहिल्यामुळे दुसरे खरे वाटते.

‘इदं न मम’ म्हणण्याआधी ते ‘मम’ असावे लागते. टिळकांच्या अभंगांतली आर्तता याने कमी होत नाही, पण ते गाताना त्या घरातले दुसरे माणूस नजरेआड करू नये. नागपूरच्या बिऱ्हाडात बुटींच्या कृपेने मिळणाऱ्या पैशांतून महिना ओढणाऱ्या तरुण लक्ष्मीबाईंना कोणी समर्पणाबद्दल विचारले असते, तर त्यांनी बहुधा हसून म्हटले असते की, घरात शिल्लक राहिले तर देऊ. पुढे त्यांनी दिले. तोवर काय शिल्लक आहे, हे त्यांना पक्के ठाऊक झाले होते.